जुन्या बी-२७५ ला किती फुटी पेटी झेपेल?

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेला महिंद्रा बी-२७५ आहे. भातशेती आता उरली नाही. पण वाडीतला रस्ता, अंगण, भरावाचा मुरूम सारखा करायला ट्रॅक्टर लागतोच. मागे लावायला बॉक्स ब्लेडची पेटी घ्यायची आहे. विक्रेता म्हणतो, सात फुटीच घ्या. झेपेल का?
– एक वाचक, काशीगाव

उत्तर : रिकामी झेपेल, भरली की नाही. सहा फुटी घ्या.

तुमचा ट्रॅक्टर तसा शेजारचाच. १९६३ मध्ये महिंद्राने अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर भागीदारीत ट्रॅक्टर कंपनी काढली आणि कांदिवलीत बी-२७५ तयार होऊ लागला. इंजिन दणकट, पण विक्रेते अश्वशक्तीचा आकडा पाहून पेटी गळ्यात मारतात, तिथेच गल्लत होते. पेटीत मुरूम भरला की इंजिनाआधी टायर हार मानतात. जागच्या जागी फिरून तुम्ही नुकत्याच सारख्या केलेल्या जमिनीत खड्डे पाडतात.

म्हणून टेप घ्या आणि मागच्या टायरांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा. या वर्गाच्या ट्रॅक्टरचं ते साडेपाच फुटांच्या आसपास भरतं. पेटी दोन्ही बाजूंनी दोन-तीन इंच बाहेर आली की चाकोऱ्या पुसल्या जातात. तेवढं पुरे.

खालच्या आर्मच्या पिनाही तपासा. लहान ट्रॅक्टरला २२ मिलिमीटरची पिन असते, मोठ्यांना २८ ची. पेटीची पिन आर्मच्या छिद्रापेक्षा बारीक असली तर तिच्यावर बुश बसवून भागतं. तारेने, खिळ्याने जुगाड करू नका.

खरी परीक्षा हायड्रॉलिकची. कुणाची तरी पेटी किंवा नांगर जोडा, उचला, इंजिन बंद करा आणि चहा पिऊन या. तोवर अवजार जमिनीला टेकलेलं दिसलं तर सील किंवा व्हॉल्व्ह झिजलेत. आधी तो खर्च करा. (खाली वाकून बघायचा मोह आवरा, उचललेल्या अवजाराखाली कुणीही जायचं नाही.) काही जुन्या ट्रॅक्टरांत क्लच पूर्ण दाबला की हायड्रॉलिकचा पंपही थांबतो. तुमच्यात तसं असेल तर ढिगाऱ्याशी थांबून पेटी उचलता येणार नाही. क्लच दाबण्याआधीच उचलायची सवय लावावी लागेल.

पेटी वर असताना पुढची चाकं हलकी होतात. काशीगावात डोंगराच्या अंगाला चढ आहेतच. तिथे स्टिअरिंग सैल लागू लागलं तर पुढे वजनं लावा. स्टिअरिंग जड होईल, त्याला इलाज नाही. अडकलेली पेटी सोडवायला साखळी मागच्या अॅक्सलच्या वर कुठेही बांधू नका, ट्रॅक्टर पुढून उचलला जाऊन उलटतो.

हायड्रॉलिकचे लिव्हर दोन असतील तर पेटीसाठी पोझिशन कंट्रोलचा वापरा. नांगरासाठी असलेला ड्राफ्ट कंट्रोल कडक जागी पेटी आपोआप वर घेतो आणि रस्त्यावर लाटा उठतात.

राहिला टॉप लिंक. आखूड केला की पेटी पुढे झुकते, दात मुरमात रुततात. लांब केला की मागचं पातं नुसतं सारवत जातं. आधी आखूड ठेवून उकरा, मग लांब करून फिरवा. आणि हे वाफशावर करा. चिकणमाती ओली असताना पेटीत लगदा चिकटून बसतो, कडक उन्हाळ्यात दात नुसते ओरखडे काढतात. पावसाळा सरल्यावर, माती मुठीत दाबून सोडली की सहज फुटते, ते दिवस गाठा.