स्टार्ट घेण्याआधी ब्लॉक हलवून पाहा

रोह्याला लागून असलेल्या आमच्या वरसे गावात पाऊस रेंगाळतो आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास येतात. मैदान वरून सुकलेलं दिसतं, पण आतून भुसभुशीत असतं. शंभर मीटरच्या शर्यतीत अशाच मातीत माझा मागचा ब्लॉक सरकला. जोर लावला आणि पायाखालचा आधारच गेला. जांघेचा स्नायू ताणला आणि तो हंगाम इतरांना पळताना बघण्यात गेला. म्हणून स्टार्ट शिकणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगतो.

ब्लॉकचे खिळे मातीत पूर्ण रुतले पाहिजेत. ठोकून झाल्यावर नुसतं हाताने हलवून थांबू नका. पाय ठेवून, खरा स्टार्ट घेऊनही बघा. सरावात खिळे धरत नसतील तर मित्राला मागे ब्लॉकवर पाय दाबून उभं करा. स्पर्धेत ब्लॉक हलत असेल तर शर्यत सुरू होण्याआधी पंचांना सांगा. त्यात लाज कसली?

अंतर स्वतःच्या पावलाच्या लांबीने मोजा. मीडियम स्टार्टमध्ये पुढचा ब्लॉक रेषेपासून साधारण दोन पावलांवर आणि मागचा तीन पावलांवर असतो. पाय जवळ ठेवणारा बंच स्टार्ट मुलांना आवडतो, कारण त्यात ब्लॉकमधून लवकर सुटता येतं. पण फ्रँकलिन हेन्री या अमेरिकन अभ्यासकाने १९५२ मध्येच दाखवलं होतं, की असा धावपटू सुटतो आधी, पण त्याचा वेग कमी असतो. ढकलायला त्याला वेळच कमी मिळतो.

बंदुकीआधीच्या 'सेट' या आज्ञेला कंबर खांद्यांपेक्षा थोडी वर हवी. पुढचा गुडघा सुमारे ९० अंशांत आणि मागचा १२० ते १३० अंशांत असावा. प्रत्येकाच्या उंचीप्रमाणे आणि ताकदीप्रमाणे यात फरक पडतो, तेव्हा मोठ्या खेळाडूच्या फोटोची नक्कल करू नका.

सुटताना उठू नका, ढकला. चिखलात रुतलेला टेम्पो ढकलताना आपण जसे पुढे झुकतो, तसंच इथे झुकायचं. मागचा पाय क्षणभर जोर देऊन आधी सुटतो. पुढचा पाय जास्त वेळ ढकलत राहतो आणि वेगाचा मोठा वाटा त्याचाच असतो. पहिलं पाऊल शरीराच्या फार पुढे टाकलं तर त्यानेच ब्रेक लागतो.

बंदुकीचा अंदाज बांधून पळायचा मोह आवरा. आवाजानंतर ०.१ सेकंदाच्या आत हालचाल झाली तर नियमाने तो फॉल्स स्टार्ट धरतात. २०११ मध्ये देगू इथल्या जागतिक स्पर्धेत उसेन बोल्टही आवाजाआधी सुटला आणि अंतिम शर्यतीतून बाद झाला. त्याच बोल्टने २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांचा विक्रम केला, तेव्हा आवाजानंतर हलायला त्याला ०.१४६ सेकंद लागले होते.

जांघेत किंवा मांडीत चमक भरली तर तिथेच थांबा. लगेच तेल लावून रगडू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि क्रीडाशिक्षकांना एक विनंती: मैदान ओलं असेल तर लहान मुलांना सरावात ब्लॉकवर बसवू नका. उभ्याने घेतलेला स्टार्टही त्यांना ढकलणं शिकवतो.