अक्षांश-रेखांशांचा लपंडाव

अक्षांश-रेखांश तुम्ही नकाशात पाहता. ‘जिओकॅशिंग’ या खेळात त्यांच्याच आधारे लपवलेली डबी शोधायची असते. जीपीएसमध्ये अमेरिकेने मुद्दाम ठेवलेली चूक २ मे २००० रोजी काढून टाकली गेली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ऑरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे स्थान जाहीर केले आणि खेळ सुरू झाला.

यंदा आम्ही काही माजी विद्यार्थी, परवानगी घेऊन, वडोदऱ्यातील आमच्या जुन्या महाविद्यालयाच्या आवारात हा खेळ खेळलो. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर आणि मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर. तरीही यंत्र आपल्याला डबीच्या आसपासच नेऊन सोडते. पुढे डोळेच उपयोगी पडतात.

ज्या घुमटाखालून आम्ही रोज घाईने जात असू, त्याभोवती त्या दिवशी पावलापावलाने फिरलो. सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १८८१ साली निघालेले हे बडोदा कॉलेज १९४९ साली विद्यापीठात सामावले. श्री अरविंद येथे शिकवीत. विनोबा येथे शिकले. हे सारे आम्हाला ठाऊक होते, पण थांबून वास्तू पाहिली ती आत्ताच. डबी कडुनिंबाच्या बुंध्याशी मिळाली. नियमानुसार आतल्या कागदावर सह्या करून ती जागच्या जागी ठेवली.

उपक्रम : पालकांच्या मोबाइलवर आपल्या शाळेचे अक्षांश पाहा. उत्तरेकडे दहा पावले चाला. आकडा किती बदलला, ते वहीत लिहा. वाटेत नव्याने काय दिसले, तेही लिहा.