टाकून बोललेला माणूस विचारत नाही

पहिल्या पाळीसाठी वैतरण्याहून डहाणू गाडी पकडून बोईसरला जाणाऱ्याचं डोकं दुखायला कारणं भरपूर: अपुरी झोप, उपाशी पोट, कारखान्यातला वास. त्यात मी आणखी एक धरतो, जे रक्ताच्या तपासणीत सापडत नाही: वरिष्ठाचं चारचौघांत टाकून बोलणं. अपमान झाला की शरीर धोका आल्यासारखंच वागतं. छाती धडधडते, खांदे आखडतात, आणि पाळी सुटली तरी तेच वाक्य डोक्यात घोळत राहतं. पण मला जास्त काळजी आहे ती वेगळीच. असा माणूस विचारायचं सोडून देतो.

2015 साली प्रसिद्ध झालेला इस्रायलमधला एक प्रयोग पाहा. नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागांतल्या 24 पथकांना सरावासाठी आजारी बाळाचा बनावट प्रसंग दिला. त्यातल्या काहींना बाहेरच्या तज्ज्ञाने तुच्छतेचे शेरे ऐकवले. त्यांचं निदान आणि उपचार दोन्ही कच्चे पडले, कारण एकमेकांना माहिती देणं, मदत मागणं कमी झालं. आता तारापूर एमआयडीसीतल्या रसायनांच्या कारखान्यातली रात्रपाळी डोळ्यांसमोर आणा. कंत्राटी मदतनीसाला रिअ‍ॅक्टरचं तापमान चार अंश चढलेलं दिसतं. कालच त्याने ‘अक्कल गहाण ठेवलीस का?’ ऐकलेलं असतं. तो आकडा वहीत लिहितो आणि गप्प बसतो. पोराथ आणि पिअर्सन या संशोधकांच्या पाहणीत उद्धटपणा सोसलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनी मुद्दाम अंग चोरल्याचं कबूल केलं. हे सोसणाऱ्यांचं स्वतःबद्दलचं सांगणं, म्हणून आकडा थोडा इकडेतिकडे धरा. इस्रायलच्या प्रयोगाला मात्र तो आक्षेप लागू नाही.

‘धोक्याच्या जागी गोड बोलून कसं चालेल?’ असं विचारतात. ‘व्हॉल्व्ह बंद कर!’ असं ओरडणं हा उद्धटपणा नव्हे. ‘गाढवा’ म्हणणं आहे, आणि कोणता व्हॉल्व्ह ते त्यातून कळतही नाही. ‘आम्ही शिव्या खाऊनच शिकलो’ म्हणणाऱ्यांना एवढंच विचारतो, जे काम सोडून गेले ते साक्षीला कुठे आहेत? सुपरवायझरनी चूक यंत्रापाशी, एकट्याला दाखवावी. पाळी बदलताना ‘काही वेगळं वाटलं का?’ विचारावं. सोसणाऱ्याने तारीख आणि शब्द लिहून ठेवावेत. झोपेसाठी दारू घेऊ नये, तिने झोप तुटते. दोन आठवडे झोप, भूक उडाली, कामावर जायच्या विचारानेच धस्स होऊ लागलं, तर डॉक्टर गाठा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला 14416 वर फोन करा. तो मोफत आहे. आणि दवाखान्यात ‘डोकं दुखतं’ एवढंच सांगू नका, नाहीतर गोळी घेऊन परत याल.