तरवडीचा छापखाना

मागच्या पाठात आपण आपले नाव लिहायला शिकलो. त्याआधी आपल्यापैकी पुष्कळांना अंगठा उठवावा लागे. शाईच्या गादीवर अंगठा टेकायचा आणि कागदावर दाबायचा. अंगठ्याच्या रेषा कागदावर उमटत. याला ठसा म्हणतात. छापखान्यातही हेच होते. उंच भागाला शाई लावायची आणि त्यावर कागद दाबायचा. आज आपण एका छापखान्याची हकीकत वाचू. तो मुंबईचा नव्हे, पुण्याचा नव्हे. आपल्याच नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातला आहे.

आधी घरी एक गंमत करून पाहा. एक बटाटा मधोमध कापा. कापलेल्या भागावर 'क' काढा. अक्षर तेवढे उंच ठेवा आणि आजूबाजूचा भाग चाकूने कोरून टाका. आता त्याला शाई लावून कागदावर दाबा. काय दिसले? 'क' उलटा उमटला. आरशात दिसतो तसा. कागदावर सुलटा हवा असेल, तर बटाट्यावर उलटा कोरला पाहिजे. 'ठ' मात्र कसाही कोरा, जवळजवळ सारखाच उमटतो. आमच्या वर्गात एका आजींनी पहिल्याच दमात 'ठ' निवडला आणि सगळ्यांवर मात केली!

पण बटाट्याने वर्तमानपत्र कसे छापणार? म्हणून छापखान्यात शिशाचे खिळे असत. खिळा म्हणजे जेमतेम इंचभर लांबीची धातूची कांडी. तिच्या टोकाला एक उलटे अक्षर. लाकडी खणांत हे खिळे वेगवेगळे ठेवलेले असत. एका खणात 'क', एका खणात 'म', एकात नुसता काना, एकात वेलांटी. इंग्रजीत अक्षरे सव्वीसच. आपल्या लिपीत अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, मात्रा, रफार असे सगळे धरले, तर खण काही शेकड्यांवर जातात. खिळे जुळवणाऱ्याला जुळारी म्हणत. डाव्या हातात एक लहानशी पट्टी धरून तो उजव्या हाताने एकेक खिळा उचली. खणांकडे त्याला पाहावे लागत नसे. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे कुठे पाहतो? ओळीमागून ओळ जुळवायची, त्यांचे पान बांधायचे, रुळाने शाई फिरवायची, कागद ठेवायचा आणि यंत्र दाबायचे. छपाई झाली की खिळे धुऊन पुन्हा ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. हे शेवटचे काम सर्वांत कंटाळवाणे. पण ते टाळले तर पुढच्या आठवड्याला जुळवायला अक्षरे उरत नाहीत.

आता तरवडीला जाऊ. हे गाव नेवासे तालुक्यात आहे. नेवासे म्हटले की आपल्याला ज्ञानोबा माउली आठवतात. इ. स. १२९० च्या सुमारास नेवाशाला त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली. त्यानंतर कित्येक शतके एका पोथीवरून दुसरी पोथी हातानेच उतरावी लागे. ज्याच्या घरी पोथी, त्याच्याच घरी विद्या. छापखाना आल्यावर एका पानाच्या हजार प्रती निघू लागल्या. १८४२ साली नगरहून 'ज्ञानोदय' हे मिशनऱ्यांचे पत्र सुरू झाले. पण ते जिल्ह्याच्या गावचे काम. खेड्यातल्या माणसाने खेड्यातच बसून खेड्यासाठी वर्तमानपत्र काढावे, ही गोष्ट अजून व्हायची होती.

ती केली मुकुंदराव पाटलांनी. त्यांचा जन्म १८८५ सालचा. वडील कृष्णराव भालेकर हे जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले. कृष्णरावांनी १८७७ साली पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र काढले होते. मुकुंदराव पाटील घराण्यात दत्तक गेले. १९१० साली त्यांनी 'दीनमित्र' हे साप्ताहिक सुरू केले. आधी ते सोमठाण्याहून निघे, पुढे तरवडीहून निघू लागले. तेव्हापासून लोक त्यांना दीनमित्रकार म्हणू लागले.

तुम्ही म्हणाल, शहर सोडून इथे छापखाना कशाला? कागद आणायचा तो लांबून, शाई लांबून, खिळेही लांबून. पावसाळ्यात बैलगाडी चिखलात रुतणार ती वेगळीच. याचे उत्तर अंगठ्याच्या ठशात आहे.

शेतकरी सावकाराकडे जाई. सावकार खत लिही आणि शेतकरी त्यावर अंगठा उठवी. वर काय लिहिले आहे, ते त्याला ठाऊक नसे. पन्नास घेतले आणि शंभर लिहिले, तरी कळायचे कसे? १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोकांचा राग उसळला. त्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. ते लोण आपल्या नगर जिल्ह्यातही पसरले. ध्यानात घ्या, त्यांचा मुख्य रोख कागदांवर होता. कागदच त्यांचा वैरी झाला होता. पुढे १८७९ साली सरकारने कायदा केला आणि खत नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर व्हावे असे ठरले. पण वाचता येत नव्हते ते नव्हतेच.

मुकुंदरावांनी तोच कागद आणि तीच शाई घेतली, आणि शेतकऱ्याच्या बाजूने लिहायला वापरली. सावकारी, कुलकर्ण्यांचा जाच, भिक्षुकशाही, जातीचा उच्चनीचपणा हे त्यांचे विषय. भाषा गावची. बोलताना आपण टोमणा मारतो, तसाच ते लिहिताना मारीत. 'कुलकर्णीलीलामृत' हे पुस्तक तर त्यांनी पोथीच्या थाटात ओव्यांमध्ये रचले. लोकांना पोथी ऐकायची सवय होती ना! वाचता येणारा एक असला, तरी ऐकणारे दहा असत.

असे पत्र चालवणे म्हणजे काय, याचा थोडा हिशेब करू. समजा, पाचशे प्रती काढायच्या आहेत. कागदाच्या दोन बाजू, म्हणजे हजार वेळा यंत्र दाबायचे. हाताच्या यंत्रावर दोन माणसे तासाला दोन-अडीचशे कागद काढतात. म्हणजे चार-पाच तास नुसते दाबायलाच गेले. जुळवणी वेगळी, चुका काढणे वेगळे. मग घड्या घालायच्या, पत्ते लिहायचे, टपालात टाकायचे. आणि वर्गणी? ती सुगी झाल्यावर देणारे पुष्कळ. पाऊस पडला नाही तर सुगी नाही, आणि सुगी नाही तर वर्गणी नाही. वर्तमानपत्र सोडाच, तालुक्याच्या गावचा साधा छापखानाही लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके यांवरच जगत असे. वैशाखात रात्ररात्र काम आणि श्रावणात माश्या मारायच्या!

कायद्याची टांगती तलवार वेगळीच. १९१० सालीच इंग्रज सरकारने छापखान्यांचा कडक कायदा केला. नवा छापखाना काढणाऱ्याकडून ५०० पासून २००० रुपयांपर्यंत जामीन मागता येई. मॅजिस्ट्रेटच्या मनात आले तर तो सूट देई. छापलेला मजकूर सरकारला खटकला, की जामीन जप्त. त्या काळी एवढ्या रकमेत चांगल्या बैलांच्या कितीतरी जोड्या आल्या असत्या. हा कायदा १९२२ साली रद्द झाला.

आता एक बारीक गोष्ट. 'दीन' म्हणजे गरीब. 'दिन' म्हणजे दिवस. फरक एका वेलांटीचा. जुळाऱ्याचा हात चुकून शेजारच्या खणात गेला, तर गरिबांचा मित्र क्षणात दिवसाचा मित्र होतो. आमच्या एका जुन्या पुस्तकात ही चूक खरोखर झाली होती. ती आम्हाला कोणी दाखवली? वर्गात नुकत्याच वाचायला शिकलेल्या एका बाईंनी. आम्ही तो कागद चारदा वाचला होता! छापले म्हणजे बरोबरच, असे समजू नका. चूक सापडली तर बेधडक सांगा.

मुकुंदराव १९६७ साली वारले. तोवर 'दीनमित्र' त्यांनी चालवला. सत्तावन्न वर्षे! तरवडीला आता त्यांचे स्मारक आहे. शिशाच्या खिळ्यांचे दिवसही सरले. संगणक आले, मोठी यंत्रे आली, आणि गावोगावच्या छापखान्यांतले खिळे मोडीत वजनावर विकले गेले. कुणाच्या घरी असे जुने खिळे पडले असतील, तर पाहायला जरूर आणा. पण शिसे विषारी असते. पोरांना तोंडात घालू देऊ नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

पुढच्या वेळी येताना घरातले कोणतेही वर्तमानपत्र आणा. त्याच्या एखाद्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. १८६७ च्या कायद्यापासून मुद्रकाचे नाव छापणे भाग झाले. कोणी छापले ते लपवता येत नाही. ती नावे शोधा आणि मोठ्याने वाचा.