पेढी आणि पृच्छना

आपल्या शास्त्रात स्वाध्यायाची पाच अंगे सांगितली असून वाचनेनंतर लगेच पृच्छना, म्हणजे प्रश्न विचारणे, येते. पेढीवरही तिचे मोल किती, हे अँड्र्यू ग्रोव्ह यांच्या चरित्रावरून कळते.

बुडापेस्ट येथे १९३६ साली जन्मलेले हे ज्यू गृहस्थ तरुणपणी निर्वासित होऊन अमेरिकेस गेले. बर्कली येथे १९६३ साली त्यांनी डॉक्टरेट मिळविली व १९६८ साली ते इंटेल कंपनीत दाखल झाले. पुढे जपानी स्पर्धेमुळे कंपनीचा संगणकाच्या मेमरी चिपचा मूळ धंदा बुडू लागला. तेव्हा १९८५ साली त्यांनी प्रमुख गॉर्डन मूर यांस विचारले, की आपणांस काढून नवा माणूस आणला तर तो काय करील? हा धंदा सोडील, असे उत्तर आले. मग तेच उभयतांनी केले व मायक्रोप्रोसेसरवर भर दिला. ग्रोव्ह १९८७ साली मुख्याधिकारी झाले. १९९१ पासून ते पद सांभाळून स्टॅनफर्ड विद्यापीठात उद्योगधोरण शिकवू लागले.

विद्यार्थी हा पगारी मुनीम नव्हे. तो मालकासही कारण विचारतो. आम्ही मात्र मुलाने 'हाच माल का?' असे विचारताच रागावतो. यंदा वहीपूजनानंतर मुलांस गादीशेजारी बसवावे, विचारू द्यावे आणि उत्तर सुचले नाही तर आपला हिशेबच पुन्हा तपासावा.