निरनिराळ्या फोल्डरांतील न वाचलेली पत्रे कशी शोधावीत

टपालासाठी वेगवेगळे खण ठेवण्याची पद्धत कचेऱ्यांतून जुनी आहे. बियाण्यांची पत्रे एका खणात, कर्जाची दुसऱ्यात, हवामानाची तिसऱ्यात. ई-मेलची व्यवस्थाही पुष्कळ कार्यकर्ते अशीच लावतात. मात्र येथे पत्र खणात टाकणारा कारकून नसून, कार्यकर्त्याने स्वतःच एकदा घालून दिलेला नियम असतो. अमुक पत्त्यावरून आलेले पत्र ‘हवामान’ या फोल्डरमध्ये टाकावे, असा नियम केला की ते पत्र इनबॉक्समध्ये दिसतच नाही. सोय मोठी, पण अडचणही येथूनच उद्भवते.

भारतीय हवामान विभाग व कृषि विद्यापीठे यांचा शेतीविषयक हवामान सल्ला मंगळवारी व शुक्रवारी निघतो. समजा, शुक्रवारच्या सल्ल्यात दोन दिवसांत जोराचा पाऊस संभवतो, सबब कपाशीवरील फवारणी पुढे ढकलावी, असे लिहिले आहे. हे पत्र फोल्डरमध्ये तसेच पडून राहिले आणि शनिवारी गावात फवारणी झाली, तर औषध व मजुरी दोन्ही वाहून जातात. शेतकऱ्याला त्याची कल्पनाही नसते.

ज्या फोल्डरमध्ये न वाचलेले पत्र असते, त्याचे नाव ठळक अक्षरांत दिसते व पुढे संख्या येते. फोल्डर पाच-सहा असतील तर एवढे पुरते. वीस-पंचवीस असले आणि त्यांच्या पोटात आणखी फोल्डर असले, की नजर चुकते. अशा वेळी सर्व न वाचलेली पत्रे एकत्र दिसतील अशी योजना करावी.

थंडरबर्ड या विनामूल्य प्रोग्रामात फोल्डरांच्या यादीवर तीन टिंबांची खूण असते. ती दाबून ‘फोल्डर मोड्स’मधून ‘अनरेड फोल्डर्स’ निवडावे. मग ज्यांत न वाचलेले काही आहे, तेवढेच फोल्डर समोर येतात. पत्रेच एका यादीत हवी असल्यास ‘फाइल’, ‘न्यू’, ‘सेव्ह्ड सर्च’ या क्रमाने जाऊन सर्व फोल्डर निवडावेत व ‘स्टेटस’ हे ‘रेड’ नाही, अशी अट घालावी. ही यादी कायम राहते. तिच्यात पत्रांची दुसरी प्रत होत नाही. तेथून पत्र पुसले तर ते मूळ फोल्डरमधूनही जाते, हे विसरू नये.

येथे एक खाचखळगा आहे व तो फारसा कोणी सांगत नाही. पत्रांची वाटणी सर्व्हरवरच होत असेल, तर थंडरबर्ड मूळच्या मांडणीत नवी पत्रे केवळ इनबॉक्समध्ये पाहतो. इतर फोल्डर उघडेपर्यंत तेथील संख्या जुनीच राहू शकते. म्हणून महत्त्वाच्या फोल्डरवर माउसचे उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि नवी पत्रे आणताना हा फोल्डर नेहमी तपासावा, या अर्थाच्या चौकटीत खूण करावी. हे न केल्यास वरील सर्व खटाटोप व्यर्थ जातो.

जीमेलमध्ये काम सोपे आहे. शोधाच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत ‘इज’, लगेच विसर्गासारखी दोन टिंबे व लगेच ‘अनरेड’ असे मध्ये जागा न सोडता लिहावे. स्पॅम व ट्रॅश यांतील पत्रे या शोधात येत नाहीत. हवामानाचे पत्र कधी स्पॅममध्येही जाऊन पडते; तो कप्पा आठवड्यातून एकदा वेगळा पाहावा. आउटलुकच्या जुन्या रचनेत ‘फोल्डर’ या पट्टीवर ‘न्यू सर्च फोल्डर’ व त्यात ‘अनरेड मेल’ ही सोय आहे. खाती दोन असल्यास ती प्रत्येकासाठी निराळी करावी लागते.

घाईत पत्रावर नुसते बोट पडले तरी ते ‘वाचलेले’ ठरते व यादीतून नाहीसे होते. त्यातील सूचना गावापर्यंत पोचली नसेल, तर थंडरबर्डमध्ये पत्र निवडून ‘एम’ हे अक्षर दाबावे; ते पुन्हा न वाचलेल्यांत जाते व काम होईपर्यंत तेथेच राहते.