घाट, व्हॅन आणि ब्रेक

भोरहून महाडकडे उतरणारा वरंध घाट आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाचा आहे. तेथील एक धडा आम्ही येथें देतों. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास चौपट अंतर लागतें. ओल्या रस्त्यावर त्याहूनही अधिक. उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवल्यास ते तापतात व त्यांची पकड सुटते. म्हणून खालचा गिअर घालून इंजिनाकडूनच गाडी आवरावी. २०१९ पासून नव्या मोटारींस सक्तीची झालेली ए. बी. एस. यंत्रणा चाकें जखडूं देत नाहीं, त्यामुळें गाडी वळवितां येते. तेव्हां ब्रेक पायाखालीं थरथरला, तरी पाय उचलूं नये. ट्रॅक्शन कंट्रोल चिखलांत गरगरणाऱ्या चाकाचा जोर कमी करतें. परंतु गुळगुळीत टायरास कोणतेंही यंत्र पकड देत नाहीं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतून मुलांस व्हॅननें शाळेंत धाडणाऱ्या पालकांनीं आधीं टायर पाहावे, मग भाडें ठरवावें.